डोंगराच्या माथ्यावर उचललेला भंडारा

विहीर मी खणली. लढाईच्या काळात बैलांना भाव होता, त्या व्यापारात कमावलं ते सगळं मी खडकात घातलं. पण जमीन सामाईक. पाणी लागलं आणि थोरल्या भावाच्या तोंडी 'आमची विहीर' आलं, पुढं 'माझी'.

पंच बसले. भाऊ म्हणाला, "सोताच्या कमाईनं खणली म्हणून भंडारा उचल. अर्धं पाणी सोडतो."

देवाची हळद हातात घेऊन खोटं बोलायची छाती आमच्याकडं कुणाला नव्हती. देऊळ कुंडलच्या बाजूला एका डोंगराच्या पायथ्याशी होतं. मूळ ठाणं मात्र माथ्यावर. तिकडं गुराखीही फिरकत नसत. मी आष्ट्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करणारा माणूस. समोरच्याला पळवाट ठेवायची नाही, एवढंच शिकलो होतो.

"खाली न्हाई," मी म्हणालो. "उद्या ह्योच म्हनंल, खरा देव वर हाय. मी वरच उचलतो."

पंचांनी साक्षीला म्हातारा गुरव दिला. चैत्रातलं ऊन. गवत वाळून निसरडं झालेलं, त्याखाली सुटा मुरूम. मधल्या कड्याशी गुरव बसला तो उठेना.

"आवं, चला की."

"तू जा गड्या. मी हितनं बघतो."

"हितनं काय दिसनार तुमास्नी?"

"देवाला दिसतंय की."

मी शिव्या घातल्या, हात जोडले. शेवटी एकटाच कड्याला भिडलो. एक दगड हातात निखळून आला आणि मी निवडुंगाच्या बुंध्याला लोंबकळलो. खाली बघवेना, वर सरकवेना. बायकोपोरं आठवली नाहीत, पाणी आठवलं.

माथ्यावर देऊळ नव्हतं. शेंदूर उडालेला एक तांदळा, देव म्हणून पुजलेला बिनघडीव दगड, आणि वारा, बस्स. कमरेची पुडी सोडून मी हळद वाहिली, मूठभर उचलली आणि घसा फाटेस्तोवर शपथ घेतली.

गुरवाला घेऊन खाली देवळात आलो तर तिथं थांबलेल्या पंचांनी त्याला विचारलं, "उचलताना बघितलं?"

"न्हाई," तो म्हणाला. "वारं तेवढं ऐकलं."

मी देवळातल्या भंडाऱ्याकडं हात नेला. म्हणालो, "मग आत्ता, हितं, तुमच्या म्होरं उचलतो. घ्या."

भाऊ शांतपणे म्हणाला, "हितला कसा चालंल रं? खरा देव वर हाय. तूच म्हनलास."

पंचांनी माना हलवल्या. मी दोन्ही तळवे त्यांच्या तोंडापुढं धरले. पिवळेधमक होते. पंचांतला एकजण कंटाळून उठला आणि त्यानं आपले हात दाखवले. देवळात बसून त्याचेही पिवळे झाले होते. गुरवाचे तर जन्माचेच.

विहिरीवर मोट भावाची चालली. तिचा आवाज माझ्या घरात येई.