मिस्ड कॉलची घंटा

बहारीनमधल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची घंटा म्हणजे माझा फोन. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, दुपारी मी प्रत्येकाला एक मिस्ड कॉल देतो. ती पहिली घंटा, म्हणजे आंघोळ उरका. थोड्या वेळाने दुसरी, म्हणजे घराबाहेर पडा. तिसरी झाली की गीत सुरू. बाहेरच्याला हे खूळ वाटेल, पण नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी घड्याळ बघून देवळात कुणी जात नसे. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. समोरच्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तो बडवायचं काम माझ्या वडिलांकडे होतं. पहिल्या घंटेला बायका चुलीवरचं उतरवत, दुसरीला पोरांचे भांग पडत, तिसरीला पाळकसाहेब उभे राहत. घंटेआधी गेलं तर देव अजून आंघोळीलाच असेल, असं म्हातारे म्हणत.

इथली मंडळी सुरू झाली ती मावशींच्या घरात. मनामाच्या जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या मागे त्यांचा फ्लॅट होता. त्या नर्स होत्या, सगळे त्यांना मावशीच म्हणत. मी नवा होतो, एसी दुरुस्तीच्या कामाला. हात कापला म्हणून त्यांच्याकडे पट्टी बांधायला गेलो आणि माझं "आयो" ऐकून त्यांनी विचारलं, "कुठला रं तू?" मग शुक्रवारी भाकरी खायला बोलावलं. पहिल्या उपासनेला आम्ही तिघेच. त्या, मी आणि मुहर्रकला विमानतळावर गाडी चालवणारा आमच्याच भागातला एक ड्रायव्हर. पेटी नाही, तबला नाही. मावशींनी पातेल्याचं झाकण उपडं घालून त्यावर ताल धरला.

पुढच्या शुक्रवारी ड्रायव्हर उगवला तो थेट शेवटच्या आशीर्वादाला. मी म्हटलं, याला नीट वेळ सांगायला हवी. मावशी म्हणाल्या, "आपल्या माणसास्नी टाइम सांगून उपेग नाय. घंटा पायजे." मग माझे वडील गावी काय करायचे ते त्यांना कळलं आणि विषयच संपला. "झालं तर. घंटा तुज्याच गळ्यात." मिस्ड कॉलला पैसे पडत नव्हते, त्यामुळे मजुरांच्या कॅम्पातल्या गवंड्यांनाही ती पटली.

मंडळी वाढली. नर्सा आल्या, गवंडी आले, सीफमध्ये बँकेत नोकरी करणारं एक पुण्याचं कुटुंब आलं. ते बिचारे जमिनीवर मांडी घालताना कण्हत. जिन्यात चपलांचा ढीग व्हायला लागला तेव्हा घरमालक कुरकुरला आणि आम्ही इथल्या एका चर्चच्या आवारातला हॉल मागितला. तिथे कितीतरी भाषांच्या उपासना पाठोपाठ चालतात. आम्हाला मिळाली शुक्रवारची दुपारी दोनची वेळ, जी दुसऱ्या कुणाला नको होती. ऑगस्टमध्ये दोन वाजता इथे पवित्र आत्माही आधी एसी शोधेल. तरी आम्ही खूश होतो.

मग गळती लागली. मावशी रिटायर होऊन गावी गेल्या. ड्रायव्हर पूल ओलांडून सौदीत गेला. कॅम्प रिकामे झाले. पुण्याच्या कुटुंबातली मुलगी मला म्हणाली, "Uncle, why don't you just WhatsApp it?" मी तेही केलं. सगळ्यांनी अंगठा दाखवला आणि घरी बसले. मागच्या महिन्यात हॉलचं वेळापत्रक बघणारे गृहस्थ अगदी सौजन्याने म्हणाले की दुसऱ्या एका मंडळीला जागा पुरत नाही, तुम्ही थोडेच आहात, वेळ सोडाल का? शनिवारपर्यंत सांगा. वेळ सोडली की मराठी उपासना संपली, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी "इंशाल्ला, बघतो" म्हणून सुटका करून घेतली.

खरं सांगतो, मी थकलो होतो. आठवडाभर गच्च्यांवर तापलेल्या मशिनी उघडायच्या आणि सुटीच्या दिवशी लोकांना आंघोळीला उठवायचं. बायको म्हणाली, "खलास करा आता. हिंदी उपासनेला जाऊ, देवाला हिंदी कळतं."

त्या शुक्रवारी मी घंटा दिलीच नाही. फोन छातीवर ठेवून पडून राहिलो. कुणीतरी विचारेल अशी आशा होती. पहिल्या घंटेची वेळ गेली, कुणी विचारलं नाही. मला लोकांचा राग आला, मग स्वतःचा आला.

तेवढ्यात फोन वाजला. गावाहून मावशींचा. त्या गेल्या तेव्हा मी त्यांच्या नावापुढे गावचा नंबर घातला होता, आणि सवयीने दर शुक्रवारी माझा अंगठा त्यांच्याही नावावर पडायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, अरे, यांना कशाला? पण त्यांनी कधी उलट फोन करून विचारलं नव्हतं, म्हणून मीही ते तसंच चालू ठेवलं होतं.

"आरं, बरा हाईस ना?"

"हो मावशी. का हो?"

"मंग घंटा का नाय झाली? मी कवाची आंघूळ करून डोईवर पदर घिऊन बसलीय."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? उपासनेला. तुजी तिसरी झाली की मी गीत धरते. शेजारच्या दोघी बी येत्यात. त्या इचारत्यात, आज उशीर का."

म्हटलं, "मावशी, इथं आता कुणी येत नाही हो. थकलोय मी."

"थकला आसशील. माजे बी गुडघे गेले. पयल्या दिवशी आपुन किती व्हतो रं?"

"तिघं."

"हितं बी तिघीच हाईत. चल, दुसरी घंटा दे."

"पहिली झालीच नाही अजून."

"आमची आंघूळ झालीय. दुसरीच दे."

मी उठलो, शर्ट चढवला आणि सगळ्यांना दुसरी घंटा दिली. बायको बघत राहिली. तिला म्हटलं, वेळ सोडत नाही म्हणून उद्या सांगणार आहे. ती पाय दुखतोय म्हणाली आणि घरीच राहिली.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. एसी लावला, चार खुर्च्या मांडल्या, थोडी वाट पाहिली. मग तिसरी घंटा दिली, मावशींना सगळ्यांत शेवटी, आणि या वेळी फोन लगेच कापला नाही. तो वाजत राहिला. त्यांनी उचलला नाही. तिसऱ्या घंटेला फोन उचलायचा नसतो, गीत धरायचं असतं. मी एकट्यानेच खुर्चीच्या पाठीवर ताल धरला आणि सुरुवात केली.