सायरन वाजला की हे जाणार होते

हॉस्पिटलात त्या दिवशी फायर अलार्मची टेस्ट होती. घंटा खणाणली तशी ह्यांनी सलाईन लावलेल्या हातानं माझं मनगट गच्च धरलं. "अगं, मी जात नाहीये हं." नर्स 'ओन्ली अ टेस्ट, डार्लिंग' म्हणून हसली. मला मात्र रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी हे गेलेच...

आम्ही इंग्लंडात मेडनहेडला घर घेतलं तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, जो तो बॉम्बबद्दल बोलायचा. रशिया-अमेरिका एकमेकांवर डोळे वटारून बसलेले. अशात ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादानं ह्यांनी सरकारच्या निरीक्षक दलात व्हॉलंटियर म्हणून नाव घातलं. गावाबाहेर एका शेतात जमिनीखाली खोली होती, तिघांपुरती. युद्धाचा सायरन वाजला की शिडीनं खाली उतरायचं, झाकण लावायचं आणि बॉम्ब कुठे पडला, हवेत विष किती, ते फोनवरून कळवायचं. "लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच!" मी कडाडले. "अहो, आणि मी न् मेधा?" आमची लेक तेव्हा चार वर्षांची. हे खाली बघत म्हणाले, "घरच्यांना नेता येत नाही गं." झालं! त्या दिवसापासून मला बॉम्बपेक्षा ह्यांच्या जाण्याची धास्ती बसली. ह्यांच्या वर्दीला इस्त्री मीच करायची, आणि करताना शिव्याही मीच घालायची.

एका शनिवारी दुपारी सायरन वाजला. खरंच वाजला! पोळीचा तवा गॅसवर तसाच. हे वर्दीचा कोट चढवत जिना उतरले, मेधाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी पोरीला घेऊन टेबलाखाली शिरले. देवाचं नावही तोंडात येईना... काही वेळानं आवाज थांबला. यंत्रातला बिघाड होता म्हणे. हे परतले, तर बूट कोरडे. शेतात तेव्हा घोटाभर चिखल! "गल्लीच्या टोकाला गाडीत बसून होतो," हे म्हणाले. "पुढे जाववेना, मागे येववेना." मी भांडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

पुढे दिवस फिरले. टीव्हीवर दोन्हीकडचे पुढारी हातात हात घालून हसायला लागले, बर्लिनची भिंत पडली, रशियाचे एकेक दोस्त त्याची साथ सोडून गेले. शेतातल्या खोलीला कुलूप लागलं, वर्दी परत गेली. मी चक्क श्रीखंड केलं. हे मात्र जेवता जेवता म्हणाले, "मैत्री झाली, मान्य. पण केलेले बॉम्ब कुठे गेले गं?"

त्याच वीकेंडला ह्यांनी जिन्याखालचं कपाट रिकामं केलं. आत पाण्याचे कॅन, मेणबत्त्या, बिस्किटं आणि तीन स्टुलं मांडली. लोक भीतीपोटी साठवलेले डबे आता फेकून देत होते, आणि ह्यांना आत्ता सुचलं! "अहो, आता कशाला हे खूळ?"

"आता मला कुणी बोलावणार नाही. सायरन वाजला तर मी इथेच असणार."

मेधा आता केंब्रिजला शिकते. ह्यांचं दिवसकार्य आटोपून ती परत गेली. परवा शिळं पाणी बदलायला मी ते कपाट उघडलं. दाराजवळचं स्टूल ह्यांचं. मी आत जाऊन माझ्या जागी बसले, दार ओढून घेतलं. अंधारात शेजारी हात फिरवला... नुसतं लाकूड. लहान पोरासारखी घाबरले मी. "इथेच असणार म्हणाला होतात ना, अहो?" मी मोठ्यांदा विचारलं.