साहेब निघालेत, वाटेत आहेत

माईक हातात घेतला की अंकुश आधी आभाळाकडे बघायचा, मग रस्त्याकडे. आभाळाकडे कावळ्यासाठी आणि रस्त्याकडे पुढाऱ्यासाठी. आमच्या नगर जिल्ह्यात दशक्रिया विधी या दोघांवाचून पुरा होत नाही. एकाने पिंडाला शिवायचं असतं, दुसऱ्याने श्रद्धांजलीचं भाषण करायचं असतं, आणि दोघेही वेळेवर येत नाहीत. तोवर नदीकाठी उन्हात बसलेल्या चार-पाचशे माणसांना उठू न देणं, हा अंकुशचा धंदा होता. टीव्हीवरचा विनोदी नट तो नंतर झाला.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं माझ्या मामाच्या दहाव्याला. मामा आयुष्यभर भावकीशी भांडत आले होते. अंकुशने त्यांचा उल्लेख ‘अन्यायाची चीड असलेलं व्यक्तिमत्त्व’ असा केला आणि मामी दहा दिवसांत पहिल्यांदा रडली. साहेबांची गाडी यायची होती. अंकुश दर पाच मिनिटांनी खालच्या आवाजात सांगत होता, “साहेब निघालेत, वाटेत आहेत.” चौथ्या वेळी मंडपात खसखस पिकली. तो हसला नाही. एक श्वासभर थांबला आणि मामांच्या हातच्या आंब्याच्या झाडांबद्दल बोलू लागला. हसणारी तीच माणसं डोळे पुसायला लागली. मला वाटलं, या माणसाला आपण काय करतोय ते नक्की कळतं.

मी नगरला लागून असलेल्या भिंगारच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, हे कळल्यावर तो पुढच्याच सोमवारी सभासद व्हायला आला. “सर, कुठल्याबी मयताला बसंल असं काहीतरी द्या. लई हुशार नको.” मी एक कवितासंग्रह दिला. आठवड्याने त्याने तो परत आणला. “चांगलं हाय सर, पन ह्यात सारखा कवीच मरतोय.”

पुस्तकं बदलायला आला की तो टेबलाशी रेंगाळायचा आणि आपल्या कामाबद्दल बोलायचा. “रडायला आलेल्या मानसाला ढकलायचं नसतं सर, नुसतं दार उघडायचं.” किंवा, “मयताला घाई नसती. घाई पुढाऱ्याला.” एकदा म्हणाला, “गप बसनं हे बी कामच हाय. त्याला लई सराव लागतो.” वाचनालयाच्या कार्यक्रमांत व्यासपीठावरची माणसं पाहत आयुष्य गेलेल्या मला हे वाक्य फ्रेम करून लावावंसं वाटलं होतं.

पुण्यात एका विनोदी कार्यक्रमाची ऑडिशन होती. तिथे कुणी दारुडा करत होतं, कुणी सासू. अंकुश नुसता उभा राहिला आणि त्याने चार मिनिटं साहेबांची वाट पाहिली. साहेब येत नाहीत, कावळा येत नाही, आणि शेवटी भुकेला निवेदकच पिंडाकडे आशेने बघू लागतो. त्यांनी त्याला जागीच घेतलं. दोन-तीन महिन्यांत ‘साहेब निघालेत’ जिल्ह्याच्या तोंडी झालं. शिंपी तेच म्हणू लागला, गॅसवाला तेच म्हणू लागला. ज्या साहेबांनी अंकुशला सगळ्यात जास्त ताटकळत ठेवलं होतं, त्यांनी त्याच्या गावच्या वेशीवर फ्लेक्स लावला: ‘आमच्या मार्गदर्शनाखाली घडलेला कलावंत’. मग सत्कार ठेवला आणि त्यालाही दोन तास उशिरा आले. तेवढा वेळ अंकुश गळ्यात हार घालून स्टेजवर बसून होता. लोकांना वाटलं, कार्यक्रमच चालू आहे.

त्याचं गाव पाथर्डीच्या अलीकडे. आई गयाबाई, वडील तात्या. गयाबाईला आधी पोराची लाज वाटायची. “मढ्यापुढं बोलून खातंय,” म्हणायची. टीव्हीवर दिसल्यावर तिचं सगळं बदललं. संध्याकाळी सात वाजता शेजारणींना बोलावून ती टीव्हीसमोर बसायची आणि सांगायची, “माझा अंकुश कामाला लागला.”

दोन सीझन पडद्यावर साहेब आले नाहीत. तिसऱ्याच्या आधी दिग्दर्शक म्हणाले, “लोकांना आता काहीतरी नवीन हवंय. बघू, फोन करतो.” फोन आला नाही. अंकुशने दुसरीकडे ऑडिशन दिल्या. सगळीकडे एकच प्रकार. “ते साहेबांचं एकदा करून दाखवा की.” तो करायचा. सगळे पोट धरून हसायचे. मग कुणीतरी डोळे पुसत म्हणायचं, “पण हे तर तुमचं जुनंच झालं.”

इथवर सगळं जगरहाटीप्रमाणे होतं. घात केला तो पुनःप्रक्षेपणाने. चॅनेलने त्याच वेळेला, सात वाजता, जुने एपिसोड दाखवायला सुरुवात केली. मुंबईतली खोली सोडून अंकुश परत आला तेव्हा गावात तो रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसत होता. तो भिंगारला एसटीतून उतरला आणि पुढे गेलाच नाही. एका मित्राकडे खाट टाकली. दिवसभर टोपी आणि मास्क लावून माझ्या वाचनकक्षात कोपऱ्यात बसू लागला.

“अरे, घरी जा,” मी म्हटलं.

“कसा जाऊ सर? सात वाजता आई मला बघत बसती. मी दारात उभा ऱ्हायलो तर तिनं कुनाकडं बघायचं?”

फोन आला की तो मागच्या व्हरांड्यात जायचा. खिडकी माझ्या टेबलामागे असल्याने मला ऐकू यायचं.

“ब्रेकमधी हाय आई, बोल.”

तिचा आवाज फोनबाहेरही खणखणीत येई. “कालचं हे मागं बी केलं हुतंस न्हवं रं?”

“व्हय. लोकांनी परत मागितलं.”

“मंग कर बाबा. लोकांचं मन मोडू नगं.”

आत येऊन तो पेपर उलटा धरून बसायचा. मी दर आठवड्याला विचारायचो, घरी कधी जाणार? तो मान वर न करता म्हणायचा, “निघालोय सर, वाटेत आहे.” पहिल्या महिन्यात मला हसू आलं. पाचव्या महिन्यात मी विचारायचंच सोडून दिलं. त्याचा हात धरून एसटीत बसवायला हवं होतं. मी त्याला पुस्तकं देत राहिलो. मदतीची माझी झेप तेवढीच.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याच्या चुलत्याचा फोन आला. गयाबाई गेली होती. चार दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होती. तात्या रोज अंकुशला कळवू म्हणत होते आणि ती रोज अडवत होती. “नगं. शूटिंग मोडतं त्याचं.” अंकुशने फोन ठेवला, समोरचा पेपर नीट घडी घालून दांडीवर टाकला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, “आमच्या मातोश्रींचं दुःखद निधन झालं.” त्या वेळी त्याला दुसरा आवाजच सापडला नाही.

दहाव्याला मी गेलो. नदी कोरडी होती, विधीपुरतं पाणी टँकरने आणलं होतं. गर्दी मात्र मोठी, नटाच्या आईचा दहावा म्हणून आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आलेली. साहेब यायचे होते. माईकवर दुसराच कुणी निवेदक होता आणि तो वाईट होता. पिंड मांडून अर्धा तास झाला तरी समोरच्या बाभळीवरचे तीन कावळे हलेनात.

मग नेहमीप्रमाणे शब्द देणं सुरू झालं. मेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू, असं कुणी मोठ्याने सांगितलं की कावळा शिवतो, अशी श्रद्धा. अंकुशची बहीण म्हणाली, तात्याला अंतर देणार नाही. कावळे बसून. चुलता म्हणाला, “अंक्या, तू बोल. तिचा जीव तुझ्या कामात. काम सोडनार न्हाई म्हून सांग तिला.” आणि त्याने अंकुशच्या हातात माईक दिला.

डोकं भादरलेला, ओलं धोतर नेसलेला अंकुश उभा राहिला. त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. जन्माची सवय. मंडपात मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“आई,” तो म्हणाला, “माझं काम आठ महिन्यांमागंच गेलं.”

आणखी काही जण हसले.

“तू बघत हुतीस ते समदं जुनं हुतं. मी मुंबईत नव्हतोच. भिंगारात हुतो. दिवसभर पेपर वाचीत बसायचो.”

आता मंडप उघड हसत होता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. “आयला, आईच्या दहाव्याला बी सोडंना!” माझ्या शेजारचा मांडीवर थाप मारून म्हणाला. अंकुशचा आवाज फुटला. “हसू नका ओ. खरंच सांगतोय.” त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला आणि मागून दोघे-तिघे एका सुरात ओरडले, “साहेब निघालेत!”

त्या गलक्याने बाभळीवरचे कावळे उडाले. त्यातला एक खाली उतरला आणि पिंडाला शिवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुलता रडत रडत म्हणाला, “बघा, पोराचा कार्यक्रम बघायचा ऱ्हायला हुता तिचा.” मी कावळ्यांवर विश्वास ठेवत नाही. तो आवाजाने बिचकून खाली आला होता. पण ते सांगायला मी माईकपाशी गेलो नाही. अंकुशचं म्हणणं खरं आहे, हे त्या गर्दीत माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मी गप बसलो. त्याला सराव लागतो. माझा झालेला होता.

साहेब आले, बोलले, गेले. माणसं जेवणाच्या पंगतीकडे वळली. अंकुश कोरड्या नदीच्या काठावर बसून होता, मी थोड्या अंतरावर. तात्या काठी टेकत आले. सबंध मंडपात हा एक म्हातारा हसला नव्हता. ते पोरासमोर येऊन उभे राहिले.

“भिंगारात हुतास?”

“व्हय तात्या.”

म्हाताऱ्याने वेशीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथून पाथर्डीची गाडी धूळ उडवत चालली होती.

“ही यष्टी तिथनंच येती की रं,” तात्या म्हणाले. “तासाभराची.”