अण्णांच्या बंदुकीची काडतुसं

रानडुक्कर मारायला कुठलं काडतूस घ्यावं, हे मी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून दोन संध्याकाळी शिकले. मोबाईलवर रानडुकराचं फारसं काही सापडेना. सापडली ती तपकिरी अस्वलं. कुठल्या तरी बर्फाळ देशातले दाढीवाले शिकारी तासतासभर सांगत होते, अस्वलाला कुठली रायफल, गोळी किती जड, ती हाड फोडून आत किती गेली पाहिजे. आता सोलापूर जिल्ह्यात अस्वल कुठून येणार? पण जड अंगाचं, जखमी झालं की उलट अंगावर येणारं जनावर म्हटल्यावर मला ते पुरेसं जवळचं वाटलं. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला मी पॉइंट टू टू रायफलने दहा गोळ्या झाडल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ झाले. उंटावरून शेळ्या हाकायची सवय मला पहिल्यापासूनच आहे.

प्रकरण मात्र गमतीचं नव्हतं. आमचं गाव मोडनिंबजवळ. माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यापासून गावी एकटेच राहतात. आमच्या बांधाला लागून शेत असलेल्या आत्या, रक्ताच्या नव्हे, गावाच्या नात्याने, एका सकाळी मक्याला पाणी धरायला गेल्या आणि डुकराने त्यांची मांडी फाडली. मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा मक्याचं नाव काढलं तरी त्या माझा हात घट्ट धरत होत्या. वनखात्याने ते डुक्कर मारायची लेखी परवानगी दिली, पण ती परवानाधारकालाच. गावात परवान्याची बंदूक एकच. आजोबांपासून चालत आलेली दुनळी बारा बोर, आणि ती अण्णांच्या नावावर. अण्णांचं वय चौऱ्याहत्तर.

काडतुसं घ्यायला मी त्यांना गाडीतून सोलापूरला आणलं. बंदूक खोळीत, परवाना पिशवीत. दुकानदार म्हातारा, सावकाश बोलणारा होता.

“जनावर कोणतं, मालक?”

“डुक्कर.”

“किती लांबनं मारणार?”

“मक्यातनं भाईर निघालं की. वीसएक पावलं.”

त्याने काचेवर तीन काडतुसं मांडली. पहिल्याला बोट लावून म्हणाला, “हे पाखरांचं. बारीक छर्रे. ह्यानं डुक्कर मरत नाही, चिडतं.” दुसरं एलजी. आत मोठे छर्रे. जवळून बसले तर जनावर जागेवर खाली येतं, पण छर्रे पसरतात, मागे माणूस असता कामा नये. तिसऱ्यात एकच गोळी. ती आत खोल जाते, पण त्याला हात आणि डोळा दोन्ही पक्के लागतात.

“गोळीच द्या,” मी म्हटलं. “आत शिरली पाहिजे.” दाढीवाल्यांनी मला तसंच शिकवलं होतं.

दुकानदार माझ्याशी वाद घालत बसला नाही. “ताई, काडतूस जनावर बघून घेतात, बरोबर आहे. पण त्याच्या अगोदर माणूस बघायचा असतो की. मालक, रिकामी बंदूक खांद्याला लावा बघू. समोरच्या कॅलेंडरवर नेम धरा.”

अण्णांनी बंदूक उचलली. नळीचं टोक आधी किंचित हललं. मग ते कॅलेंडरच्या रविवारापासून शनिवारापर्यंत फिरायला लागलं. अण्णांनी ओठ आवळले, पाय रोवले, श्वास धरला, तरी ते थांबेना. वर्कशॉपमध्ये सुताइतका फरक नुसत्या बोटाने सांगणारा माझा बाप. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. अण्णांनीही बंदूक खाली घेताना माझ्याकडे पाहिलं. मी काचेकडे बघत राहिले.

परक्या माणसासमोर वडिलांना कसं सांगायचं की तुमच्याने होणार नाही? मी सांगितलं नाही. मी म्हटलं, “मग एलजीच द्या.” नेम हलला तर हलला, छर्रे पसरून सांभाळून घेतील, असा माझा हिशेब. जे तोंडाने बोलायचं ते मी काडतुसावर ढकललं. मोबाईलवरच्या त्या शिकाऱ्यांपैकी प्रत्येकजण शेवटी एक गोष्ट सांगायचा, की जी रायफल तुमच्या हाताला पेलते तीच घ्या. ते मला फालतू वाटायचं आणि मी व्हिडिओ पुढे सरकवायचे.

परतीच्या वाटेवर अण्णा एकदाच बोलले. “गावानं इस्वास टाकलाय. न्हाय कसं म्हणायचं?” मी नुसतं “हं” केलं आणि गिअर बदलला.

पुढच्या रविवारी सकाळी आठला सगळे मक्याजवळ जमले. तीन बाजूंनी गावकरी स्टीलची ताटं आणि तेलाचे डबे घेऊन उभे. चौथ्या बाजूला ओढा. डुक्कर तिकडेच निघणार, म्हणून ओढ्याकाठच्या बांधाआड अण्णांची जागा. वनरक्षक बजावून गेला की कुणी पुढे यायचं नाही. मी तिथे जाऊन उभी राहिले आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं. समोर डुक्कर येणार, त्याच्यामागे मका, आणि मक्यामागे आख्खं गाव.

“तू टॅक्टरवर जाऊन बस,” अण्णा म्हणाले.

“मी इथेच बसते.”

“जा म्हणलं की! लई शाणपणा नको.”

अण्णा माझ्यावर असे क्वचितच ओरडतात. मी त्यांचीच मुलगी, हलले नाही. त्यांच्यामागे हातभर अंतरावर बसले.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दोन काडतुसं काढली. ती मी आणलेली नव्हती. देवघरातली होती. आमच्याकडे खंडेनवमीला बंदुकीबरोबर दोन काडतुसांची पूजा होते आणि शिकारीला गेलं की पहिला बार त्याच दोन काडतुसांचा, अशी आजोबांपासूनची रीत. पण वीस-बावीस वर्षांत शिकार झालीच नव्हती. तीच दोन काडतुसं दर खंडेनवमीला पाण्या-दुधाने न्हात होती, हळदी-कुंकू लावून घेत होती. त्यांची पितळी बुडं हिरवी झाली होती.

“अण्णा, ही नको. नवीन भरा.”

“पयला बार देवाचा.”

मी आणखी काही म्हणणार, तेवढ्यात ताटं वाजायला लागली. मक्यात सळसळ झाली, थांबली, पुन्हा झाली, आणि डुक्कर बाहेर आलं. फोटोत असतं त्यापेक्षा कितीतरी मोठं. मानेवरचे केस ताठ, तोंडाला चिखल. ते उभं राहून हुंगत होतं. अण्णांनी बंदूक खांद्याला लावली. नळी फिरत होती. तिच्या टोकापलीकडे मला मक्याच्या पानांतून कुणाची तरी लाल साडी दिसली. मी ओरडायला तोंड उघडलं.

नुसताच ठक् आवाज झाला. बार उडाला नाही. दुसऱ्या नळीचाही तसाच ठक्.

डुकराने तोंड आमच्याकडे वळवलं.

“उघडू नका!” मी अण्णांचं मनगट धरलं. “कधी कधी उशिरा उडतो.” अण्णा बंदूक उघडतच नव्हते. त्यांनी डाव्या हाताने मला मातीत दाबलं आणि स्वतः पुढे सरकून बसले. डुक्कर सरळ आलं. दहा पावलांवर, पाचांवर. त्याचं घुरघुरणं मला छातीत ऐकू आलं. मग बांधाशी येऊन ते एकदम तिरकं झालं आणि आमच्या शेजारून ओढ्यात उतरलं. त्याचा उग्र वास मागे राहिला.

मी भीतीने आणि रागाने रडायला लागले. “आयुष्यभर फिटर होता तुम्ही! हिरवं पितळ दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं की.”

“मग?”

“मागं मानसं हुती.” त्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. “बार उडणार न्हाय, ह्ये म्हाईत हुतं मला.”

“आणि डुक्कर अंगावर आलं असतं तर?”

“माज्या आलं असतं. तू हितं बसशील, ह्ये कुटं ठरलं हुतं?”

तोवर सरपंच धावत आले, मागे वनरक्षक आणि माणसं. “अण्णा, देवाचं काडतूस फुसकं निगालं व्हय! असू द्या. आता नवीन भरा. ओढ्यातच हाय ते, परत हाकतो.”

अण्णांनी पिशवीतून एलजीचं पाकीट काढलं. त्यांना ते उघडेना. बोटं पाकिटावरून घसरत होती आणि सगळे बघत होते. मी ते त्यांच्या हातातून घेतलं.

“अण्णांचा हात थरथरतो,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “ते बंदूक चालवणार नाहीत. वनखात्याला दुसरा माणूस आणायला सांगा.”

अण्णांचे कान लाल झाले. शेवटी वनरक्षक म्हणाला, “मग तसं लिहून द्या.” ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहून दिलं आणि खाली अण्णांनी वाकडीतिकडी सही केली. त्या आठवड्यातच वनखात्याचा नेमबाज आला आणि त्याने एका गोळीत काम उरकलं.

त्या रविवारी मात्र अण्णा माझ्या पुढे चालत घरी आले. बंदूक भिंतीला टेकवून खाटेवर बसले. मी चहा केला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी थोडा बशीत सांडला. या वेळी त्यांनी हाताची थरथर लपवायचा प्रयत्न केला नाही.

“दुकानातच बोलली असतीस तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “मी तुज्याकडंच बगत हुतो की.”

आणि ते का बघत होते, हे मला दुकानातच कळलं होतं.