राखेतून लवकर निघालेला मणी

फोनवर फोटो आला तेव्हा पल्लवी दूध तापवत होती. इस्लामपूरच्या वीरधवल मेजरांची तान्ही नात फोटोत हसत होती, आणि तिच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात, पल्लवीनं विकलेला निळा मणी होता. दूध उतू गेलं तरी पल्लवी फोटोच बघत राहिली.

लग्नाआधी ती लोणंदला काचेच्या नळ्या करणाऱ्या कारखान्यात होती. ज्योतीवर काच फिरवायचा हात तिथंच बसला. सासरी, आटपाडीकडच्या धनगरवाडीत, ती मणी करू लागली. झालेला मणी चुलीतल्या ऊन राखेत पुरायचा आणि सकाळपर्यंत हळूहळू निवू द्यायचा. घाईनं निवला तर काचेच्या पोटात ताण राहतो. मग तो कधी फुटेल ते सांगता येत नाही. आज फुटेल, नाहीतर वर्षानं.

गेल्या अमावस्येला सासूनं, रंगुबाईनं, जन्मभर केलं तेच केलं. अमावस्येची राख चुलीत ठेवायची नाही म्हणून दिवस मावळायच्या आत ती मेंढरांच्या वाड्यात नेऊन पसरली. मणी तेवढे सुपात काढून ठेवले.

“लेकरागत अलगद काढल्यात गं,” ती कौतुकानं म्हणाली.

सूप गार पडलं होतं. पल्लवीच्या डोळ्यांदेखत मणी एकेक करून तडकले. एकच राहिला, निळा, आत धुराची रेघ वळलेला. असा मणी पुन्हा हातून होणार नाही हे तिला कळलं, आणि कच्चा आहे हे ठाऊक असूनही तिनं तो मेजरांकडं जायच्या डबीत टाकला.

मेजर फौजेतून आल्यापासून हातानं घडवलेले मणी जमवत. भावकी हसायची, उसाचा पैसा काचेत घालतोय म्हणायची. मेजर म्हणायचे, चित्राला पैसे मोजता, मग याला का नको? किंमत ते स्वतःच ठरवत, मणी खिडकीशी धरून. निळ्याला त्यांनी पाच हजार दिले होते.

पल्लवी मिळेल त्या एसटीत बसली. लेकरं गळ्यातलं तोंडात घालतात, एवढंच तिला वाटभर दिसत होतं.

मेजर पुढच्या सोप्यात बसले होते. नात मांडीवर होती, आणि मणी तिच्या ओठांत. पल्लवीनं मणी परत मागितला तसे मेजर हसले. भाव कमी वाटला होय, म्हणाले, आणि सात हजारांवर गेले.

“पैसं नकोत, मेजर. मणी कच्चा हाय. आधी लेकराच्या तोंडातनं काढा.”

सुनेनं धावत येऊन दोरा तोडला आणि रडणारी पोर आत नेली. मेजरांनी मणी उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला.

“यात कुठं काय दिसतंय?”

“दिसत न्हाई, म्हणून तर आले.”

तिच्यापुढं आलेला चहा वाफाळत होता. तिनं मेजरांच्या हातातला मणी घेतला आणि कपात सोडला. नखानं ताटली वाजावी तेवढाच आवाज झाला. चमच्यानं तिनं दोन तुकडे वर काढले. कडा पात्यासारख्या होत्या.

पल्लवीनं श्वास सोडला. मेजर मात्र उठले. त्यांनी कपाटातला मखमली ट्रे आणला. त्यात तिचे आजवरचे सगळे मणी ओळीनं लावलेले होते. सुनेला त्यांनी पातेलंभर पाणी उकळायला सांगितलं.

“आता हे,” ते म्हणाले.

हे सगळे नीट निवलेले आहेत, पल्लवी मनाशी म्हणाली. पण पहिला मणी उचलताना तो तिच्या बोटांतून दोनदा निसटला.