माहुलच्या गच्चीवरचा डबा

आमचं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. तिथे मी इतकी वर्षं प्रोग्राम लिहितेय की आता कुठल्याच नव्या कामाचा आनंद होत नाही. मध्यंतरी आलेलं काम गच्च्यांवर बसवलेल्या हवा मोजणाऱ्या डब्यांचं होतं. डबे दिवसभर आकडे पाठवायचे, पण सगळेच खरं सांगायचे असं नाही. कुठे धूळ साचायची, कुठे खारी हवा आत शिरायची, एकात तर पालीने अंडी घातली होती. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही, हे माझ्या प्रोग्रामने ठरवायचं होतं.

ती युक्ती मी मुंग्यांकडून घेतली. मुंगी चालताना वास सोडत जाते. मागून आणखी मुंग्या गेल्या की तो पक्का होतो, कुणीच गेलं नाही की उडून जातो. तसंच, डब्याचा आकडा शेजारच्या डब्यांशी जुळला की त्याच्यावरचा विश्वास वाढायचा, नाही जुळला की थोडा थोडा उडायचा. पार उडाला की तो डबा नकाशावरून जायचा.

"झकास आहे गं," आमचा टीम लीड म्हणाला. तो माझ्याहून बराच लहान आहे.

बरेच महिने ते नीट चाललं. बाद झालेले डबे खरंच बिघडलेले निघायचे. मग चेंबूरपलीकडे, तेलाच्या कारखान्यांना लागून असलेल्या माहुलचा एक डबा बाद झाला. आम्ही नवा बसवला, तर पंधरा दिवसांत तोही बाद.

"सोड ना यार, काढून टाक तिथला," टीम लीड म्हणाला.

मीही काढून टाकला असता. पण दोन वेगळे डबे एकसारखं खोटं कसं बोलतील, हे डोक्यातून जाईना. शनिवारी घाटकोपरहून रिक्षा केली आणि गेले.

ज्या घराच्या गच्चीवर डबा होता ते एका साठीपुढच्या कोळणीचं होतं. बाजार उरकून ती नुकतीच परतली होती. मी ऑफिसातून आलेय म्हटल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डबा काढायला आलीस?"

"नाही. बघायला आलेय."

"मग चार वाजेपर्यंत बस, बाय."

मी बसले. तिने चहा दिला. पावणेचारला ती उठली, दोरीवरचे कपडे, अर्धवट ओले होते तरी, काढून आत घेतले आणि खिडकी लावली. थोड्या वेळाने घरामागच्या भिंतीपलीकडे पाण्याचा मोठा फवारा सुरू झाल्याचा आवाज आला. तिथे तेलाचे टँकर धुवायचे. पाठोपाठ असा उग्र भपकारा आला की माझे डोळे चुरचुरायला लागले. मी पदर नाकाला लावून समोरच्या रस्त्यावर पळाले. तिथे कसलाच वास नव्हता. आणि शेजारचे सगळे डबे त्याच रस्त्यावर होते.

परत आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"तुमच्यासारखे आधीपण आले होते," ती म्हणाली. "सकाळी यायचे, हुंगायचे, 'काय नाय' बोलायचे. गल्लीतले बाकीचे गेले घरं सोडून. मी एकटी किती बोलणार? मग बोलायचं सोडलं."

तिच्याबाबतीत जे झालं होतं, तेच मी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं.

सोमवारी मी टीम लीडला सगळं सांगितलं. जो डबा रोज ठरावीक वेळी वेगळं सांगतो त्याला बाद करायचं नाही, आधी माणसाने तिथे त्या वेळी जाऊन यायचं, असा नियम घालूया म्हटलं.

"आणि जाणार कोण?" त्याने विचारलं.

"मी जाईन."

त्याने नियम घालू दिला.

त्या डब्याचे आकडे जोडून मी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. दोनदा उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा मंडळाची माणसं आली, आणि मी हट्ट धरल्यामुळे चार वाजता आली. टँकर धुणं आता आठवड्यातून दोनदाच होतं. बंद काही झालेलं नाही.

बहुतेक शनिवारी मी कुठल्या ना कुठल्या गच्चीवर असते. गुडघे बोलतात. कधी डबा खरंच बिघडलेला निघतो आणि सगळी दुपार फुकट जाते. मग खाली येऊन, कुणी दिलं तर पाणी पिते आणि घरी जायला रिक्षा शोधते.