संकल्पाची फेरी

मी सांगलीला निघाले तेव्हा आप्पा एसटीच्या खिडकीशी उभे होते. कंडक्टरनं घंटी मारली तसे म्हणाले, "आपल्याकडं बोलणं हाय, बाई. जमीन न्हाई, वशिला न्हाई. हाय तेवढं नीट वापर." आय वस्तीच्या तोंडाशीच थांबली होती. मी तिकडं जाऊनही कुणाशी तरी भांडणार, एवढीच तिला धास्ती.

कोरेगाव तालुक्यातली आमची बौद्धवस्ती. पोराला नीट बोलता यायला लागलं की जयंतीला त्याला स्टेजवर उभं करायचे. मीही तशीच शिकले. पुढं साक्षरतेच्या मोहिमेत गेले, मग वस्तीच्या पाण्यासाठी पत्रकं लिहिली. सायक्लोस्टाइलची शाई नखांतून जायची नाही. पत्रकाची एक शिस्त असते. वर अन्याय काय तो सांगायचा, खाली मागण्या लिहायच्या, आणि मागणी कुणाकडं करतोय ते नावानिशी लिहायचं. मोहीम संपली आणि बोलता येणाऱ्या पोरीला काम मिळालं ते सांगलीतल्या एका व्यक्तिमत्त्व विकास केंद्रात.

वस्तीत राहिलात त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि माझ्यासारखे पुण्याला, ठाण्याला, पार आखातात गेलात त्यांच्यासाठीही. तुम्हाला वाटतं मी मोठी झाले. मोठी म्हणजे काय झाले, ते एकदा सरळ ऐका.

केंद्र हळदीच्या गोदामावरच्या माळ्यावर होतं. तिथल्या संचालकांनी आधी माझ्या तोंडातलं 'हाय' काढून 'आहे' बसवलं. नव्या आर्थिक धोरणाचे दिवस होते. कुपवाडच्या कारखानदारांना अचानक कामगारांच्या मनाची काळजी वाटायला लागली होती. वाटणारच. मशीन बदलण्यापेक्षा माणूस बदलणं स्वस्त पडतं. मी ओव्हरहेड प्रोजेक्टर घेऊन रिक्षानं जायची, भिंतीवर मोठमोठे शब्द पाडायची: ध्येय, जिद्द, आत्मविकास. शेवटी संकल्पाची फेरी. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, स्वतःतलं काय बदलणार ते प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नियम एकच. बाहेरचं काही बोलायचं नाही. पगार, मुकादम, मशीन, हवा, सगळं बाहेरचं. थोडक्यात, पत्रक उलटं धरलं होतं. मागणी करायची ती स्वतःकडंच.

खोटं लिहीत नाही, त्यातूनही काही माणसं उभी राहतात. पॅकिंगमधली एक पोरगी माझ्या शिबिरानंतर ठरलेल्या लग्नाला नाही म्हणाली आणि त्या शब्दावर टिकली. तिच्यामुळं बरेच दिवस मला वाटत राहिलं, की काम वाईट नाही, त्याचे मालक वाईट आहेत.

मग माझा पाठचा भाऊ मिलिंद सांगलीला आला. सातारला सैन्यभरतीच्या रांगा लावता लावता त्याचं वय निघून गेलं, तसं आयनं त्याला माझ्या खोलीवर धाडला. कुपवाडच्या एका फाउंड्रीत तो फेटलिंगला लागला. ओतकामातून निघालेल्या लोखंडी जॉबला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायची, म्हणजे दिवसभर दगडाचं पीठ श्वासातून आत घ्यायचं. धूळ ओढून घेणारा पंखा शेडमध्ये होता, पण बंद. मी म्हटलं, पत्रक काढते. तो म्हणाला, "आक्का, पत्रकाखाली तुझं आडनाव येणार. माझंबी तेच हाय." हसला, आणि हसता हसता खोकला. डॉक्टरनं धुळीचं काम सोडा म्हणून सांगितलं. सोडून करायचं काय, ते डॉक्टरच्या हातात नव्हतं.

त्याच कारखान्यानं आमच्या केंद्राला शिबिरासाठी बोलावलं. मी संचालकांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा, तिथं माझा भाऊ आहे. ते म्हणाले, उलट बरं, आपलेपणा येईल.

कँटीनमध्ये गोल झाला. एकानं तंबाखू सोडायचं कबूल केलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बायकूवर चिडायचं न्हाई ते समजलं. मुकादमावर चिडलं तर चालतंय का?" सगळे हसले, कडेला खुर्चीवर बसलेले कारखान्याचे मालकसुद्धा. मग मिलिंदची पाळी आली. तो माझ्याकडं बघत होता. घरचं माणूस पुढं उभं आहे तर त्याच्या शिबिराची शोभा राखावी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं.

"मी कमी खोकीन," तो म्हणाला. "कामाचा खोळंबा हुतोय. मनावर घेतलं तर जमंल."

टाळ्या पडल्या. नियमच होता. मालकांच्या जरा जास्तच जोरात होत्या.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हा मनाचा प्रश्न नाही, बंद पंख्याचा आहे." मालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, बाहेरचं बोलायचं नाही, तुम्हीच सांगितलंत." मिलिंद खाली बघून हळूच म्हणाला, "बस कर आक्का."

बस केलं नाही. केंद्रानं मला काढलं. मग पत्रक लिहिलं, खाली मागणी, मालकाच्या नावानं, आणि गेटवर उभी राहिले. कामगारांनी ते अदबीनं घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि आत गेले. कारखान्यानं पंख्याला हिरवा रंग दिला. सुरू मात्र केला नाही. पुढच्या महिन्यात मिलिंदला घरी बसवलं.

माझ्या खोलीवर तो होता तोवर त्यानं शब्द पाळला. उशीत तोंड खुपसून खोकला गिळायचा, डोळे लाल व्हायचे. मी म्हणायची, खोक रे मोकळा. तर मान हलवायचा. मनावर घेतलं होतं त्यानं. इतक्या शिबिरांत इतका मनापासून संकल्प पाळणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

आता तो वस्तीत असतो. मी सांगलीतल्याच दुसऱ्या केंद्रात बोलते. तेच शब्द, तीच फेरी. आणखी काय येतं मला? सुट्टीला गेले की आय म्हणते, "तिकडं लोकास्नी सांगतीस, त्यातलं चार शब्द ह्याला सांग की. उठंल, कामाला लागंल." अनोळखी माणसांच्या कितीही रांगा बसवा, मी दोन तास बोलेन. भावापुढं बसते आणि शेंगा सोलत राहते. आय रागावते, पोरीनं शिकून काय केलं म्हणते. तिचं चुकत नाही.

घर म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं तर एवढंच सांगता येईल. तिथं मिलिंद तोंड उघडून खोकतो. ओट्यावरची माणसं बोलणं थांबवतात, त्याचा खोकला सरेपर्यंत गप्प बसतात, मग राहिलेलं बोलणं पुढं सुरू करतात. मी जाते त्या दर खेपेला ही माणसं आणखी जास्त वेळ गप्प बसतात.